लल्लन मिस्त्रीची खडूची रेघ

भुतंखेतं, संकेत, अंतर्ज्ञान... यातलं काहीही मी मानत नाही, हे आधीच लिहून टाकतो. कारण खाली कमेंटमध्ये कुणीतरी "इंजिनियर असून असलं लिहिता?" असं विचारणारच. हो, इंजिनियर असून. बावीस वर्षं काँक्रीटच्या कामात गेली आणि स्वभाव पहिल्यापासून संशयी. भाजीवाल्याचा काटा मी दोनदा बघतो. बायको म्हणते, "तुम्ही सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा लॅबमध्ये टेस्टिंगला पाठवाल." तर असा माणूस हे सांगतोय, एवढं लक्षात ठेवा.

नोकरीमुळे मी सध्या वाराणसीत असतो. बायको-मुलं सांगलीला. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, जुन्या मराठी वस्तीत भाड्याची खोली आहे. त्याच गल्लीत आपल्या मंडळींचा एक हॉल आहे—तळमजल्यावर, चाळीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. लांबीच्या दोन्ही टोकांना चुनारच्या दगडाच्या हातभर जाड जुन्या भिंती. मुंजी, बारशी, गणपतीतली जेवणं, सगळं तिथंच. जुनी जमीन उखडून तिथं नवा कोबा करायचा ठरला, आणि मी फुकटातला इंजिनियर, म्हणून देखरेख माझ्याकडे आली.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काँक्रीट वाळताना आकसतं. थोडंच, पण आकसतं. त्याला मोकळं सोडलं तर काही बिघडत नाही. पण दोन्ही टोकांना भिंतींनी आणि खालून जमिनीनं घट्ट धरून ठेवलं, तर ते आतल्या आत ताणलं जातं, आणि दाब कितीही सोसणारं काँक्रीट ताणाला फार कच्चं. शेवटी फाटतं. म्हणून भिंतीपाशी थोडी फट ठेवायची आणि मध्ये ठराविक अंतरावर खाचा पाडायच्या—म्हणजे फाटायचंच असेल तर निमूटपणे खाचेत फाटेल. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही येतं.

पण हॉलचे व्यवस्थापक अण्णा, जन्मापासून काशीकर, अडून बसले. "अहो, खाचा बिलकुल नकोत! पंगतीत वरण सांडतं, खाचेत जातं, मग मुंग्याच मुंग्या. आणि रांगोळी काढायची कशी बायकांनी? एकदम प्लेन पाहिजे, भिंतीपाशी फटसुद्धा नको." अण्णांकडे मी आठवड्यातून तीनदा जेवत होतो. खाल्ल्या मिठाला जागलो आणि 'हो' म्हणालो. चूक माझीच होती.

मिस्त्री होता लल्लन. साठीचा, किडकिडीत, चाळीस वर्षं याच गल्ल्यांमधून काम केलेला. त्यानं ओतायच्या आधीच बजावलं, "साहब, दोनों तरफ से बाँध दीजिएगा तो फटेगा." मी म्हटलं, तुम्ही पाणी कमी घाला, फाटणार नाही. मिस्त्री लोक हात सोपा चालावा म्हणून मालात जास्त पाणी ओततात, हा माझा जुना संशय. मी दिवसभर तिथं खुर्ची टाकून बसलो. खोटं कशाला बोलू, त्यानं एक तांब्याही जास्त घातला नाही.

दहा दिवस पाणी मारून झालं. अकराव्या दिवशी, गुरुवारी, कोबा कोरडा झाला तेव्हा लल्लन उकिडवा बसून जमिनीवर तळवा फिरवत होता. बराच वेळ. मग खिशातून खडू काढून त्यानं खिडकीजवळच्या खांबापासून समोरच्या दारापर्यंत, हॉलच्या रुंदीभर, एक रेघ ओढली. सरळ नाही... मधोमध ती एका बाजूला वळली, परातीएवढ्या जागेला वळसा घालून पुन्हा सरळ झाली.

"यहीं से जाएगी," तो म्हणाला. "सोमवार को, खाने के बाद."

"आणि हे मध्येच वळण कशाला?" मी हिंदीत विचारलं.

"यहाँ से हट के जाएगी. काहे, ये हम नहीं जानते."

मी हसलो. पण मोबाइलवर फोटो काढला. मग माझ्या हातानं रेघ पुसली, ओल्या फडक्यानं दोनदा पुसली, आणि हॉलला माझं स्वतःचं कुलूप लावलं. का? तर यानं रात्रीत येऊन काही करामत करू नये म्हणून!

सोमवारी दुपारी एकला अण्णांना साक्षीला घेऊन कुलूप उघडलं. कोबा स्वच्छ. गुडघ्यावर बसून, भिंग लावून पाहिलं. काही नाही. अण्णा जेवायला गेले, मी डबा तिथंच खाल्ला. डबा बंद करत होतो तेवढ्यात वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. खांबाच्या पायाशी केसाएवढी भेग दिसली. आणि मी बघत असताना... शपथेवर सांगतो, बघत असताना ती पुढे सरकली. मध्यावर आली. वळली. परातीएवढा वळसा घालून दारापर्यंत गेली.

मी फोटो काढला आणि गुरुवारच्या फोटोशी ताडून पाहिला. कुठंही बोटभरसुद्धा फरक नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला राग आला.

आपल्याला कळत नाही तिथं लबाडी असणार, हा माझा जुना हिशेब. यानं ओतताना खाली पट्टी दडवली असणार! काँक्रीट जिथं पातळ, तिथंच फाटणार. मी बसलो होतो, पण चहाला उठलो नव्हतो का? तेच मी अण्णांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं. खाचा न पाडल्याचं खापर आपोआप दुसऱ्याच्या डोक्यावर फुटत होतं, हेही आता कबूल करतो. चार दिवसांत लल्लनची दोन घरची कामं गेली. एका ठिकाणी तर त्याचं अर्धं झालेलं न्हाणीघर दुसऱ्याला दिलं.

पाचव्या दिवशी तो स्वतःच आला. आवाज चढवला नाही. "तोड़ के देख लीजिए. हमारे सामने."

भेगेच्या दोन्ही बाजूंनी आम्ही कोबा फोडला. मी टेप घेऊन बसलो. इथून तिथून चार इंच जाडी. पट्टी नाही, दोरी नाही, वाळूचा थर नाही. वळसा होता तिथं मी आणखी हातभर खणलं, कारण माझी खात्रीच होती. माती आणि जुन्या विटांचे तुकडे. सगळीकडे होते तेच.

लल्लन हाताची घडी घालून उभा होता. "मिला कुछ?"

"नाही... कुछ नहीं मिला," मी पुटपुटलो.

"तो ज़रा ज़ोर से कह दीजिए, साहब. बाहर लोग खड़े हैं."

दारात खरंच दहा-बारा माणसं उभी होती. मी मोठ्यानं सांगितलं की, मिस्त्रीची काही चूक नाही, खाचा मी पाडू दिल्या नाहीत, चूक माझी आहे. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. अण्णा खाली बघत होते.

नंतर कोबा पुन्हा केला, भिंतीपाशी फट ठेवून, खाचा पाडून. लल्लननंच केला. मी हात जोडले तेव्हा तयार झाला.

खांबापासून भेग निघणं मी समजू शकतो. अनुभवी माणूस जागा ओळखतो, तेही मान्य. पण तो वार? ती वेळ? आणि ते वळण, ज्याच्याखाली काहीही नव्हतं? दोघा जुन्या मित्रांना, काँक्रीट शिकवणाऱ्यांना, फोटो पाठवले. दोघंही म्हणाले, योगायोग.

नवा कोबा वाळला त्या दिवशी लल्लन पुन्हा तसाच उकिडवा बसला होता, तळवा टेकून. मी शेजारी जाऊन बसलो आणि हळूच विचारलं, "मिस्त्री, इस बार कहाँ से जाएगी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हात झटकून उठला.

"अब नहीं बताएँगे, साहब. बताए थे, तभी तो चोर बने."

त्याला ते कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तो ते मला का सांगत नाही, एवढं मात्र मला नीट ठाऊक आहे.