बाजार आधी की रस्ता आधी

"कशावरनं?"

एवढं विचारून सर चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत बसायचे. पुसून होईपर्यंत उत्तर आलं नाही, तर पुन्हा पुसायचे. सत्तरच्या दशकात तुमच्यापैकी कुणी कोल्हापुरात इतिहास घेऊन एम.ए. केलं असेल, तर त्या काचांपुढे तुम्हीही एकदा तरी गप्प उभे राहिला असाल.

मी त्या विभागात नवीन लागले, तेव्हा सरांची पंधरा वर्षं नोकरी झाली होती. मूळचे नेसरीचे, शेतकऱ्याच्या घरातले. तासाला छापील मराठी बोलत. पण शनिवारी दुपारी ग्रंथालयामागच्या खोलीत सेमिनार सुरू झाला की भाषा गावाकडं वळायची. एका विद्यार्थ्याने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि सरांनी काचा पुसायच्या.

एकदा बाहेरगावचे मोठे पाहुणे बोलायला आले. "या नगरीतला माणूस मुळातच स्पष्टवक्ता," अशी त्यांनी सुरुवात केली.

"कशावरनं?"

पाहुण्यांनी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, तुमच्यावरनंच की!"

सर सगळ्यांत मोठ्याने हसले. "हे एक प्रमाण झालं. आणखी दोन आणा."

बारा वर्षं ते एका प्रबंधावर काम करत होते. घाटातून कोकणात उतरणारा जुना रस्ता आणि त्याच्यावरचे आठवडी बाजार, हा विषय. रस्ता झाला म्हणून बाजार वसले, असं सगळे धरून चालत. सरांचं म्हणणं उलटं होतं. आधी बाजार वसला, मागून रस्ता आला. या म्हणण्याचा सगळा भार गगनबावड्याकडच्या एका बाजाराच्या सनदेवर होता. मूळ सनद कुणी पाहिलेली नव्हती; सरकारी दप्तरखान्यात तिची जुनी मोडी नक्कल होती. जूनमध्ये प्रबंध सादर व्हायचा होता, आणि त्यानंतर प्रपाठकाची वरची जागा सरांनाच मिळणार, हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात आक्काताई नावाची विद्यार्थिनी माझ्याकडे आली. गगनबावड्याजवळच्या वाडीतली, मोडी सरांकडेच शिकलेली. सेमिनारसाठी तिने त्याच बाजारावरचा निबंध घेतला होता. हातातली वही तिने उघडलीच नाही.

"बाई, सरांस्नी सांगायचं धाडस हुईना. गावच्या गुरवाच्या घरात मूळ सनद घावली."

जुन्या कागदांत साल अरबी शब्दांत लिहीत. मूळ सनदेत 'तिसैन' होतं, म्हणजे नव्वद. नक्कल करणाऱ्याने 'सबैन' वाचलं होतं, म्हणजे सत्तर. वीस वर्षांची चूक. तेवढ्या वर्षांत रस्ता होऊन गेला होता.

"बाजार रस्त्याच्या मागनं वसला, बाई," ती म्हणाली.

मी दार लोटून घेतलं. "तू दुसरा विषय घे. जूनपर्यंत थांब. सरांचा प्रबंध एकदा जाऊ दे."

"आनि मग?"

"मग बघू."

मला स्वतःचं कौतुकच वाटलं. एका चांगल्या माणसाला मी सांभाळत होते.

शनिवारी आक्काताईने गावातल्या विहिरींवर काहीतरी वाचलं. सर ऐकत राहिले. चष्मा काढला नाही.

"हा विषय तुझा न्हवं. दोन महिने बाजाराचं सांगत हुतीस. काय झालं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. सरांनी ती नजर पाहिली.

"बाई, जरा बाहेर येता?"

व्हरांड्यात मी सगळं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "कागद बघूया."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. सर खिडकीशी डोळे मिटून बसले होते. झोप लागली असेल, असं मला वाटलं. घाटमाथ्यावर तिच्या वाडीत पोचलो तर धुकं होतं, गार वारं होतं. गुरवाने लाल फडक्यातून कागद काढून सरांपुढे ठेवला. सरांनी घोंगड्यावर मांडी घालून, भिंग धरून तो वाचला. मग उठून दाराच्या उजेडात नेला आणि पुन्हा वाचला. आम्ही दोघी उभ्याच होतो. गुरवाच्या बायकोने आणलेला चहा निवून गेला.

"तिसैनच हाय," सर म्हणाले.

आक्काताईच्या डोळ्यांना धार लागली. "सर, मी उगंच हे..."

"उगंच कसं? बारा वर्षं मी दुसऱ्यास्नी प्रमाण मागितलं. त्या नकलेला एकदाबी मागितलं न्हाय. तू मागितलंस. मग रडतीस काय?"

आणि तो निवलेला चहा त्यांनी बशीत न ओतता एका दमात पिऊन टाकला.

परतताना आक्काताई पुढच्या बाकावर होती. सर माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्यासाठीच केलंत, कळतंय मला. पण ही पोरगी आपल्याकडनं काय शिकून गेली असती? खरं घावलं, तर आधी कुणाचं नुकसान हुतंय ते बघायचं. व्हय की न्हाय?"

 कोल्हापूरला उतरल्यावर मी आक्काताईला म्हटलं, "शनिवारी बाजाराचंच वाच."

पुढच्या शनिवारी तिने बाजारावरचा निबंध वाचला. सर विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले होते. पाऊण तास त्यांनी तिला सोडलं नाही. एकेका शब्दाचं प्रमाण मागितलं, आणि तिने ते दिलं. शेवटी ते उभे राहिले.

"मी माझा प्रबंध सादर करणार न्हाय. कारण तुम्ही आत्ताच ऐकलंत."



प्रपाठकाची जागा दुसऱ्याला मिळाली. नव्याने प्रबंध लिहायचं सर म्हणत राहिले, पण ते झालं नाही. अधिव्याख्याता म्हणूनच ते निवृत्त झाले. प्रबंधाचे कागद घरातून आवरले, तेव्हा "बारा वर्षांनी जेवायचं टेबल जेवायला मिळालं," असं सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, हसत म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या.

आक्काताईला पुढे वारणानगरला शिकवायची नोकरी लागली. सर नेसरीला राहायला गेले. बऱ्याच वर्षांनी एकदा मी त्यांना भेटायला गेले. निघायच्या आधी, इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं.

"सर, त्या वेळी मी चुकले."

"अजून ते धरून बसलाय?" ते म्हणाले. "खरं सांगू? त्या दिवशी जाताना गाडीत मी डोळे मिटून काय करत हुतो? देवाला विनवत हुतो. म्हटलं, तो कागद उंदरांनी खाल्लेला असू दे."

"मग?"

"उंदरांनी ऐकलं न्हाय की!"

आम्ही दोघंही खूप हसलो. 

ती शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. मला ते आठवतात ते त्या दिवशीच्या नेसरीच्या थांब्यावर. मला पोचवायला आले होते. गाडी लागली, मी खिडकीत बसले, आणि तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी पटक्यातून घडी घातलेला जुना मोडी कागद काढत त्यांच्याजवळ आला. "सर, एवढं वाचून सांगा की." सरांनी तिथल्याच कट्ट्यावर कागद पसरला आणि त्याच्यावर वाकले. गाडी सुटली. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. त्यांचं बोट एका शब्दाखाली थांबलं होतं, आणि गाडी वळेपर्यंत ते पुढच्या शब्दावर गेलं नव्हतं.