रामकिसनची काठी

तीर्थपुरीचा कडूबा शिंपी माणसांची मापं घेऊन पोट भरायचा, पण त्याचा जीव सापांत. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी मशीनवर चादर टाकून तो दोन मित्रांसोबत रानात साप बघायला निघे. नुसतं बघायला. बहात्तरच्या दुष्काळात रान उजाड झालं, तेव्हा मित्र तातेरावच्या बांधावरच्या वारुळातला एक नाग तेवढा टिकला होता. कडूबाची बायको चतुराबाई म्हणे, "माझ्या लुगड्याचा रंग इचारा, सांगता येनार न्हाई. त्याच्या फन्यावरचा डाग बराबर सांगतील." त्या नागाला हात लावणार नाही, अशी शपथ कडूबानं दोन्ही मित्रांकडून बेलाचं पान उचलायला लावून घेतली होती.

तातेराव शेताचा मालक. दुसरा रामकिसन चक्कीवाला. देह पैलवानाचा, काळीज चिमणीचं. त्या बांधावर पाय ठेवताच तो काठी अशी आपटे, की सापांनी थेट जांब समर्थ गाव गाठावं. कडूबा दरसाल करवादे, "बघाया आलो का हाकलाया?"

चौऱ्याहत्तर साली मात्र रामकिसन काठी खांद्यावर टाकून, गुणगुणत बांधावर चढला. गडी सुधारला, म्हणून कडूबा मनोमन खूश. तिघं आडोशाला बसले. ऊन चढलं. वारुळात काही हललं नाही.

"झोपलं आसंल," म्हणत रामकिसन उठला आणि त्यानं कोपरापर्यंत हात वारुळात घातला.

कडूबा त्या हाताकडं बघत राहिला. "रामकिसन, तू घरच्या रांजनात बी वाकून बघितल्याबिगर हात घालत न्हाईस."

रामकिसननं हात काढून धोतराला पुसला. तंबाखू मळता मळता तातेरावच बोलला, "पोळ्याला गोठ्यात आल्ता. बैलाच्या पायाशी. मंग आमी दोघांनी... पन तोंडात तांब्याचा पैसा ठिवून अग्नी दिला, कडूबा. बिलकुल कमी केलं न्हाई."

"मला हाक न्हाई मारली."

"तू वरीसभर वाट बघून राह्यला व्हतास. मन धजंना."

"मारला ते समजून घेतलं आसतं. बैल तुझा हाय. पर सकाळपासून मला रिकामं वारूळ दाखवून राह्यलात."

कडूबा उठला आणि नेहमीची पायवाट सोडून ओढ्याकाठच्या कमरेएवढ्या गवतात शिरला.

"आरं, तिकडून नगं," रामकिसन म्हणाला. "त्या गवतात काय आसंल, कोनाला ठावं."

कडूबानं मागं पाहिलं नाही. थोड्या वेळानं पाठीमागून काठी आपटल्याचा आवाज यायला लागला. गाव येईपर्यंत तो येतच राहिला.