तुमचा कान कोणता?

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी टर्बाइनच्या देखभालीला रुजू झाले, त्या दिवशी कोणी मला गाव विचारलं, कोणी कॉलेज, आणि बहुतेकांनी लग्नाचं विचारलं. रामटेकेभाऊंनी विचारलं, "मॅडम, तुमचा कान कोणता?"

"दोन आहेत की," मी फटकन म्हणाले. पहिलाच दिवस, डोक्यावर नवं कोरं हेल्मेट, आणि हा माणूस माझी फिरकी घेतोय असं मला वाटलं.

"थे त दिसूनच राह्यले. आयकाचा कोणता? फोन लावून दाखवा बरं."

मी चिडूनच मोबाइल काढून कानाला लावला. "डावा," ते समाधानाने म्हणाले. "ध्यानात ठेवा. मशीनपाशी हाच लावाचा. माहा उजवा." उजवा-डावा हात असतो तसा माणसाचा एक ऐकायचा कान असतो, ही गोष्ट चार वर्षं इंजिनीअरिंग शिकून मला माहीत नव्हती.

देवाजी रामटेके हे आमच्या विभागातले सगळ्यांत जुने टेक्निशियन. गाव सिंदेवाहीकडचं, घरी धानाची शेती, ती थोरला भाऊ बघायचा. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी वडील चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, पायी आले होते, हे ते मान ताठ करून सांगायचे. बुटके, काटक, बोलणं कमी आणि जे बोलतील ते तिरकस. त्यांच्याकडे एक हातभर लांब लोखंडी सळई होती. तिला आलापल्लीच्या मेव्हण्याने सागवानी मूठ बसवून दिली होती. सळईचं टोक फिरत्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. टर्बाइनच्या हॉलमध्ये इतका गोंगाट असतो की आम्ही एकमेकांशी हातवारे करूनच बोलतो. पण त्या मुठीतून एकट्या त्या बेअरिंगचाच आवाज येतो. भाऊ रोज सकाळी ड्यूटीवर आले की चहाच्या आधी सगळ्या पंपांना सळई लावत फिरायचे.

कंट्रोल रूममध्ये मोजमापाची यंत्रं होती, पण भाऊंचा त्यांच्यावर फारसा जीव नव्हता. "मीटर मागून बोंबलते," ते म्हणायचे, "मशीन पयले कुजबुजते." एकदा त्यांनी एका पंपापुढे मान हलवली. मी आकडे दाखवले, सगळे ठीक होते. भाऊंनी सळई माझ्या डाव्या कानाला लावली. "काई आयकू आलं?" मला नुसती गुरगुर ऐकू आली. "रेती चावल्यावानी करून राह्यला," ते म्हणाले. मी हट्टाने आकडे परत वाचून दाखवले. पंप उघडला तेव्हा बेअरिंगमधली एक गोळी फुटलेली निघाली. मी त्या दिवशी आकड्यांचा कागद घडी करून खिशात टाकला आणि गुपचूप सळई मागून घेतली. "मशीन खोटं बोलत नाई जी," एवढंच ते म्हणाले, "आपणच आयकत नाई."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत भाऊंना ताप आला. तपासणी झाली, आणि क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. शालूवहिनी दाराबाहेर ताट ठेवायच्या. मी रोज फोन करायची. दहाव्या-बाराव्या दिवशी ताप गेला होता, तोंडाला चव येत होती. "बाकी सब बरोबर हाये," ते म्हणाले, "फक्त आपलं युनिट लय घूं घूं करून राह्यलं. घरापर्यंत येते."

"अहो भाऊ, आपलं युनिट परवापासून बंद आहे!" मी हसले.

"बंद हाये? मंग बाजूचं असन."

आणि आम्ही दोघांनीही तो विषय तिथेच सोडला. ही चूक आमच्याच लोकांकडून व्हावी. आमच्या कॉलनीत केंद्राच्या धुरांड्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला घरात बसून मशीनचा आवाज आला तर त्यात नवल ते काय? ड्यूटी संपवून घरी गेलं तरी आमचे कान तासभर गुणगुणतात. त्यासाठी डॉक्टरकडे जाणारा माणूस इथे अजून जन्मायचा आहे. वहिनींनी कानात लसणाचं कोमट तेल घातलं, भाऊंनी कापसाचा बोळा लावला, आणि त्यात महिना गेला.

कामावर परतले त्या सकाळी चहाच्या आधी त्यांनी पहिल्या पंपाला सळई लावली. उजव्या कानाला. मग काढली, मूठ शर्टाला पुसली, पुन्हा लावली.

"मॅडम, पंप बंद हाये का?"

पंपाने आमच्या पायांखालची जमीन थरथरत होती. मी मान हलवून नाही म्हटलं. भाऊंनी सळई हळूच डाव्या कानाकडे नेली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते डोळे उघडेचनात. तो चेहरा मला आजही आठवतो.

चंद्रपूर झालं, नागपूर झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बिघाड कानाच्या आत, नसेकडे आहे. करोनानंतर काही जणांना असं झालेलं दिसलंय, सगळ्यांना होत नाही, आणि तुमचं त्यानेच झालं हे खात्रीने सांगता येणार नाही. पण ऐकू येणं अचानक कमी झालं तर पहिल्या काही दिवसांतच यायला हवं, तेव्हा औषधाला वाव असतो. तुम्ही फार उशिरा आलात. उजवा कान परत आला नाही. गुणगुण तेवढी राहिली. "माहं युनिट ट्रिपच होत नाई मॅडम," भाऊ म्हणायचे, "ओव्हरटाइम चालू हाये." आम्ही हसायचो, कारण त्यांना ते हवं असायचं.

एका कानाने आवाज कळतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. एकदा क्रेनवरून लोखंड सरकत होतं, मागून कोणीतरी ओरडलं आणि भाऊ नेमके उलट्या बाजूला वळले. काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच साहेबांकडे अर्ज दिला आणि हत्यारं देण्याघेण्याच्या टूल रूममध्ये बसले. तीस वर्षं मशीनचं ऐकणारा माणूस नट आवळायचे पाने मोजत बसलेला बघून मला सगळ्यांचाच राग यायचा. खरं तर फोनवर हसलेल्या स्वतःचाच जास्त.

पुढच्या लाटेत मला करोना झाला. हलकाच झाला, आठवडाभराने मी कामावर होते. आमचं युनिट दुरुस्तीसाठी उघडलेलं, त्यामुळे हॉल एरवीपेक्षा शांत, पण कामाचा डोंगर. एका सकाळी उठले तर डावा कान पाणी गेल्यासारखा बंद, आणि आत एक बारीक शिटी. सर्दी असेल, मळ असेल, हॉलमध्ये सारखे बोळे घालून कान दडपला असेल. कारणं शोधायला मी हुशार आहेच. तिसऱ्या दिवशी टूल रूमच्या खिडकीसमोरचा, बाजूच्या युनिटचा चालू पंप तपासत होते. सळई लावते न लावते तोच कोणीतरी माझं कोपर घट्ट धरलं. भाऊ होते.

"काऊन वो मॅडम, कान काऊन बदलला?"

मी बघितलं तर मूठ माझ्या उजव्या कानाला होती. मला कळलंही नव्हतं.

"काही नाही हो, सर्दी आहे."

"कवापासून?"

"परवापासून."

"शिटी वाजते?"

मी सळई परत पंपावर टेकवायला गेले. भाऊंनी माझ्या हातातून सळई काढून घेतली. "चला."

"भाऊ, आज टर्बाइनचं कव्हर बसवायचंय, मला मरायला फुरसत नाही!"

"कव्हर बसन. तुम्ही चला."

"तुम्ही काय डॉक्टर आहात का?" मी हॉलभर ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. चार जणांनी काम थांबवून पाहिलं.

"डॉक्टर नाई," भाऊ शांतपणे म्हणाले. "पेशंट आहो."

साहेबांपुढे जाऊन ते उभे राहिले. आयुष्यात कधी साहेबांपुढे आवाज न चढवलेला माणूस. "सायेब, कव्हर उद्या भी बसते. कान उद्या बसत नाई." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि गेटपासवर सही केली.

चंद्रपूरपर्यंत मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून त्यांना यथेच्छ बोलले. सगळ्यांसमोर माझा तमाशा केलात, मी काय लहान आहे, साध्या सर्दीचं एवढं काय. भाऊ एका शब्दाने उत्तर देईनात, म्हणून मला आणखी चेव आला. पार चंद्रपूरची वस्ती सुरू झाली तेव्हा लक्षात आलं की मी इतका वेळ त्यांच्या उजव्या कानाशी भांडत होते.

कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी बटणावर बोट ठेवून नुसती वाट बघत बसले. कागदावरची रेघ खाली खाली गेलेली दिसली. "लवकर आलात हे बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. शुगर तपासून त्यांनी त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. पूर्ण येईल का, असं मी विचारलं. वचन देता येत नाही, म्हणाले. बाहेर भाऊ बाकावर बसले होते, माझं हेल्मेट मांडीवर घेऊन.

त्यानंतर रोज सकाळी टूल रूमच्या खिडकीपाशी माझी हजेरी असायची. भाऊ सळई पंपावर टेकवायचे, मूठ माझ्या डाव्या कानाला. "आज?" मी नाही म्हणायची. "उद्या पाहू," ते म्हणायचे आणि पाने मोजायला बसायचे. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मुठीतून फार लांबून काहीतरी आलं. अगदी क्षीण, पण पंपाचंच. मी भाऊंकडे पाहिलं आणि मला रडूच कोसळलं.

"रडाचं काम नाई जी," ते म्हणाले, पण स्वतःच चष्मा काढून पुसत बसले.

मग मी त्यांना ते सांगून टाकलं. तुम्ही फोनवर घूं घूं म्हणालात, मला माहीत होतं युनिट बंद आहे, आणि मी हसले. तेव्हाच तुम्हाला डॉक्टरकडे नेलं असतं तर?

"अजी, तुम्हाले कोणं शिकोलं होतं का?" भाऊ म्हणाले. "मले तीस वर्सं मशीनचं आयकाले लागले, माह्या कानाचं मीच नाई आयकलो. माहा गेला तवा समजलं. समजलेलं तुमच्या कामी आलं, बस झालं."

माझा कान पुढच्या काही आठवड्यांत जवळजवळ सगळा परत आला. तो गोळ्यांनी आला की आपला आपण, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण त्या खिडकीत बसलेल्या माणसाने माझं कोपर धरलं नसतं तर मी लसूण-तेलावरच महिना काढला असता, हे मी छातीठोकपणे सांगते. एवढं मोठं देणं देऊन हा माणूस परत पाने मोजायला बसला. मी त्यांची जन्मभर ऋणी आहे, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटलं की ते म्हणतात, "मले आयकू नाई आलं."

भाऊ आता निवृत्त होऊन गावी असतात. सळई माझ्याकडे ठेवून गेले. विभागात नवं कोणी आलं की मी आधी कान विचारते, आणि आजारपणातून परतलेल्याला तर सगळ्यांच्या आधी विचारते. माझ्यामागे लोक हसतात, हसू देत. धान कापणीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे जाते. बांधावरून चालताना न चुकता त्यांच्या डाव्या बाजूला असते.

रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. बरं आहे का, जेवलात का, असलं काही नाही.

"कोण्त्या कानाले लावला?"

"डाव्या, भाऊ."

"येते आयकू?"

"येतं. सगळं येतं."

"हाव," ते म्हणतात. "मंग बोला आता."