तारीख विचारायची होती

मी पत्रकार आहे. हे वाक्य मला दर अधिवेशनाला कुणाला तरी पटवून द्यावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या अगदी टोकाला आमचं गाव. आजोबांची हयात मेंढरांमागं गेली, वडलांनी, म्हणजे आबांनी, थोडकी शेती केली आणि घरात पदवी घेतलेली पहिली मी. बारामतीला एसटीनं जाऊन-येऊन शिकले. आता मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवते. कॅमेरा मी धरते, बोलते मी, कापाकापीही माझीच. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की गाडी काढते आणि पाणी कुठल्या फाट्याला येऊन थांबलं ते दाखवते. तालुक्यातली माणसं बांधावर बसून ते बघतात.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्या गावाचा एकच घोर होता. आवर्तन टोकापर्यंत येणार असेल तर चाऱ्याची मका पेरायची, नसेल तर नाही. पेरून पाणी आलं नाही तर बी, मशागत, सगळं मातीत. आमच्या आमदारांनी त्यावर विधानसभेत लक्षवेधी लावली होती आणि मंत्री उत्तर देणार होते. सभागृहातलं भाषण हल्ली कुणालाही मोबाईलवर दिसतं, तेवढ्यासाठी मुंबईला जायची गरज नव्हती. मला बाहेर येणाऱ्या मंत्र्यांना गाठून एकच विचारायचं होतं, पाणी कुठल्या तारखेला? पण तिथवर पोचायचं तर पत्रकाराचा पास पाहिजे.

पासाच्या चौकशीला फोन लावला.

"पत्रकाराचं सरकारी अधिस्वीकृती कार्ड आहे?"

"नाही. माझं स्वतःचं चॅनल आहे."

"मग मुंबई कार्यालयाचं पत्र?"

"कार्यालय इंदापुरात आहे. तिथं मीच असते."

पलीकडचे साहेब हसले. "मॅडम, असं मोबाईल घेऊन उद्या कुणीही येईल."

कुणीही! उन्हातान्हात कालव्याच्या भरावावरून पाण्याच्या मागं हिंडणारी मी कुणीही, आणि ज्यानं आमचा कालवा नकाशावरसुद्धा बघितला नाही तो पत्रकार. गर्दी आवरावी लागते, सुरक्षा असते, हे मला कळतं. करा ना माझी पोलीस चौकशी. वर्षभराचं काम बघा आणि एका दिवसाचा पास द्या. पण काम बघायचंच नाही. पगार कुणाचा आणि ऑफिस कुठं, एवढंच बघायचं. ज्यानं हा नियम केला त्याच्या डोक्यात मुंबईबाहेर बातमीच होत नसणार.

गावचे माजी सरपंच तात्या. आमदारांच्या अगदी जवळचे. मी तरीही अर्ज केला आणि तो नाकारला गेला, हे त्यांना कळलं.

"कशाला अर्जबिर्ज करत बसलीस? साहेबांच्या पीएला सांगतो. प्रेक्षकाचा पास देत्यात. आपली माणसं चाललीच हायती, बस गाडीत."

"तात्या, प्रेक्षकाला प्रश्न विचारता येत नाही."

"तुला काय करायचंय इचारून? साहेब हायती की इचारायला. तू आपली एसीत बसून बघ."

शेवटी मी गेले. आत शिरल्यावर काहीतरी वाट निघेल असं वाटलं. दारातच मोबाईल, पेन, वही, सगळं काढून घेतलं. वर गॅलरीत हात मांडीवर ठेवून बसले. आमदार चांगले बोलले. मंत्री उठून म्हणाले, "ही बाब तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल." आमदारांनी आभार मानले आणि खाली बसले. संपलं.

शेजारी बसलेले तात्या टाळी वाजवायलाच निघाले होते. शिपायानं डोळे वटारले तसा हात आवरला.

"केलं का न्हाय काम?"

"तात्या, तारीख कुठाय?"

"आगं, भर सभागृहात बोलला मंत्री! आनी काय पायजे?"

आम्हाला बाजूच्या जिन्यानं उतरवलं. खाली लांबवर मंत्री उभे होते, भोवती माईकांचा गराडा. मी थांबले तर मागून आवाज आला, "ओ ताई, प्रेक्षकांनी रेंगाळायचं नाही. चला." त्या गराड्यात काय विचारलं गेलं ते मी नंतर मोबाईलवर सगळं ऐकलं. कोण कुठला पक्ष सोडणार, कोण कुणावर नाराज. आमच्या कालव्याबद्दल चकार शब्द नाही. त्यांना तो माहीतच नव्हता, त्यांचा काय दोष? माहीत असलेली बाई जिन्यावरून हाकलली जात होती.

गावात पोचलो तर रस्त्याच्या फाट्यावर भलामोठा फ्लेक्स. 'पाणीप्रश्न मार्गी लावल्याबद्दल जाहीर आभार!' तात्यांनीच कौतुकानं सांगितलं, "कालच छापाय टाकला हुता." म्हणजे उत्तर यायच्या आधीच! आमच्याकडची ही रीतच. आभार आधी, काम मागाहून. आणि एकदा आभार मानले की परत विचारणारा कृतघ्न ठरतो.

मी व्हिडिओ टाकला. तारीख मिळालेली नाही, मका पेरू नका. तात्या तडक घरी आले.

"काढ त्यो व्हिडिओ. साहेबांनी पास दिला, गाडी दिली, आन् तू त्येंच्यावरच उलटलीस?"

"त्यांच्यावर नाही. तारखेवर बोलले मी."

"पानी सुटनार न्हाय, असं म्हनला का मंत्री?"

"नाही."

"मग? तू इचारलंस का त्येला?"

व्हिडिओ मी काढला नाही, पण गावात ज्यानं त्यानं हेच विचारलं. तू तिथं होतीस ना, मग विचारलं का नाहीस? विचारू दिलं नाही, हे सांगून कुणाला खरं वाटेना. आबांनी मात्र बियाची पिशवी परत दुकानात नेऊन दिली. बाकी निम्म्या गावानं पेरली.

आवर्तन सुटलं, पण पाणी आमच्या गावाच्या बरंच वरच्या अंगाला थांबलं. गुडघ्याला आलेली मका वाळली. मी तिचं चित्रीकरण करत होते तिथं तात्या आले. त्यांचीही पेर गेली होती.

"तवा जरा जोर लावून सांगायचं हुतंस."

व्हिडिओ काढ म्हणणारे हेच! तेच पुढं म्हणाले, "फुडच्या येळंला परत पास काढू. साहेबांचा शब्द हाय."

"साहेबांच्या पासावर मी आत जाणार नाही, तात्या."

"मग ऱ्हाशील भाइर उभी."

"राहीन."

पुढच्या अधिवेशनाचा माझा अर्जही नाकारला गेला. मी गेले आणि फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिले. मंत्र्यांची गाडी गर्दीत हळू झाली तेव्हा काचेजवळ जाऊन ओरडून विचारलं, "साहेब, टोकाला पाणी कुठल्या तारखेला?" काच खाली आली नाही. मी चॅनलवर तेवढंच टाकलं. माझा प्रश्न आणि ती बंद काच.