कवचवाले, विहीरवाले आणि धरणाचा खटका

लिफ्टवाल्याला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा जगाचा अंत झाला होता. निदान तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये तरी. बंद लिफ्टमध्ये मी मनातल्या मनात तीनदा मृत्युपत्र केलं होतं आणि चौथ्यांदा त्यातून मेहुण्याला वगळत होतो. तेवढ्यात छताची झडप उघडली आणि तेलानं माखलेला एक चेहरा उलटा लोंबकळला.

"घाबरू नका साहेब. जग बुडालं तर तुम्ही कवचवाल्यांकडे जाल की विहीरवाल्यांकडे?"

"जे आधी लिफ्ट चालू करतील त्यांच्याकडे."

"म्हणजे कवचवाले," तो खिन्नपणे म्हणाला. "आमच्या ताईसारखेच तुम्ही."

हे दोन्ही पंथ एका व्हिडिओ गेमच्या चार भागांत नांदतात. जग जळून गेलंय. कवचवाले उरलीसुरली यंत्रं शोधून कुलपात ठेवतात, माणसांच्या हाती लागून बिघडू नयेत म्हणून. विहीरवाले सगळं सगळ्यांना खुलं करतात. लिफ्टवाल्याच्या मते आपल्याच गल्लीत दोन्ही आहेत. समोरच्या इमारतीत लिफ्टची किल्ली सेक्रेटरीच्या खिशात असते. लिफ्ट नवीकोरी आणि जिन्यावर म्हाताऱ्या धापा टाकतायत. शेजारच्या इमारतीत लिफ्ट सगळ्यांची, म्हणून महिन्यातून दोनदा बंद. "तरी मी विहीरवाल्यांचाच," तो म्हणायचा. "बिघडली तर मी आहे ना!"

ताई दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर अंगावर शिशाचा एप्रन. ती कोणाच्या बाजूची, हे वेगळं सांगायला नको.

लग्न या दोघा बहीणभावांनी केलं नाही. घरी एकच खेळ, एकच नायक. एक संध्याकाळ याची, एक तिची. हा गावांना पाण्याचे पंप वाटून टाकायचा, ती दुसऱ्या दिवशी सगळे गोळा करून आणायची. अकरा वर्षं अशी गेली. खेळातही संध्याकाळच असायची: तांबूस धूळ, पडक्या मनोऱ्यांवर तरंगणारा उजेड, लांब कुठेतरी हलणारा एकच कंदील. दोघं खेळायचं सोडून तो उजेडच बघत बसायची आणि नायक बिचारा वाळूत नुसता उभा राहायचा. दुपारी लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत दोराला लटकताना याला वर तोच उजेड दिसायचा. हातातला पाना तसाच राहायचा.

मग ताईची बदली झाली. रविवारी सकाळी निघायचं होतं आणि नायक शेवटच्या धरणापाशी पोहोचला होता. खटका डावीकडे ओढला की विहीरवाल्यांचं गाव बुडणार, उजवीकडे ओढला की कवचवाल्यांचं. एव्हाना ओळख वाढली होती, म्हणून शनिवारी मीही त्यांच्या घरी जाऊन बसलो.

"ओढ की रे," ताई म्हणाली. "आज तुझी पाळी."

"उद्या ओढू."

"उद्या मी नसणार, वेड्या."

"म्हणून तर."

ताईनं त्याच्या डोक्यात हलकी टपली मारली. "अर्धवट आहेस अगदी. एवढ्यासाठी मी चार तासांचा प्रवास करून येणार होय?"

पडद्यावर पाणी चकाकत होतं. दोन्ही गावांत दिवे लागले. तिघंही बराच वेळ बघत राहिलो.

त्यानं खटका आजही ओढलेला नाही. ताईनं तिकडे तोच खेळ विकत आणला आणि तीन रविवारांत संपवला. कवचवाल्यांच्या बाजूनं.