पाहुण्यांसमोरचं फायनाइट ऑटोमॅटन

आज ऑफिसात कुणीतरी कात-चुन्याच्या पानाची पुडी सोडली आणि त्या वासानं मी हुमनाबादच्या आमच्या ओसरीत जाऊन पोचलो. अक्काला बघायला पाहुणे आले होते आणि पानाचं तबक फिरत होतं. मी तेव्हा गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो.

"पोरगा कम्पुटर शिकायलाय," माझे वडील, अप्पा, कौतुकानं म्हणाले.

"काय शिकायलास रे? आमाला बी सांग की," नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं.

परीक्षेसाठी पाठ केलेलं मी इंग्रजीत घडाघडा म्हणून टाकलं. रेग्युलर एक्स्प्रेशनपासून फायनाइट ऑटोमॅटन कसं तयार होतं, ते.

"मऱ्हाटीत सांग की! इंग्रजीत आमी लगीन बी ठरवत न्हाई."

सगळे हसले. मला पुढे बोलता येईना, कारण मला ते कळलंच नव्हतं. अप्पा घाईनं म्हणाले, "त्येला समदं येतंय. आपल्याच डोक्यात शिरंना झालंय." आणि मी चक्क मान डोलावली.

आज कळतं, किती सोपं होतं ते! शब्द कसा असतो, अंक कसा असतो, याचे नियम आपण लिहून द्यायचे, तेच रेग्युलर एक्स्प्रेशन. लेक्सर जनरेटर नावाचा प्रोग्रॅम त्यातून वर्तुळांचा आणि बाणांचा नकाशा बनवतो, तेच फायनाइट ऑटोमॅटन. यंत्र एकेक अक्षर वाचत एका वर्तुळातून दुसऱ्यात जातं. मागचं त्याला आठवत नाही, आपण कुठल्या वर्तुळात उभे आहोत एवढंच ठाऊक असतं. एवढं त्या काकांना सहज कळलं असतं.

 त्या दिवसानंतर मात्र अप्पांनी कुणासमोरही माझ्या शिक्षणाचा विषय काढला नाही.