देठांची पोती

कोर्टानं नादार ठरवल्यावर बन्सीलालचा मिरचीचा गाळा गेला, टेम्पो गेला, बाजार समितीतला परवाना गेला. घर तेवढं उरलं, तेही बँकेकडे गहाण. त्याचा हप्ता सुटावा म्हणून बायको शीला गावाबाहेर, दुसऱ्याच्या पथारीवर, वाळत घातलेल्या मिरचीचे देठ खुडायला जाऊ लागली.

संध्याकाळी ती देठ चुलीसाठी घरी आणायची. बन्सीलाल ते जाळू द्यायचा नाही. पोत्यात ठासून भरायचा, तोंड सुतळीनं शिवायचा, वर जुन्या पेढीचा शिक्का मारायचा आणि ओसरीत थप्पी लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, शेठच्या घरात अजून माल आहे. दोन वर्षांत चाळीस पोती झाली.

मार्चमध्ये वायरीची ठिणगी त्या थप्पीवर पडली. अख्खी गल्ली तोंडाला फडकी बांधून खोकत राहिली. छप्पर कोसळलं, काळ्या भिंती तेवढ्या उभ्या.

कर्ज देतानाच बँकेनं घराचा विमा उतरवून घेतला होता. तो चालू होता. ते पैसे आले की कर्ज फिटेल, निदान जागा तरी आपली राहील, एवढंच शीला घोकत होती.

विम्याचा सर्वेअर आला तेव्हा गल्ली गोळा झाली. पुढे हेमकांत व्यापारी. एकेकाळी लिलावात बन्सीलालच्या वर बोली लावायची त्याची छाती नव्हती.

"ओसरीत काय होतं?" सर्वेअरनं बुटानं राख उकरत विचारलं.

"देठे व्हतात साहेब," शीला म्हणाली. "चुल्हामा घालाले."

"देठे?" हेमकांत हसला. "शेठ, आम्हले त तुम्ही माल सांगेत! दोन वरीस देठेसनी राखण करी ऱ्हायंतात का?"

गल्ली फिस्सकन हसली.

"तिले काय समजस?" बन्सीलाल ओरडला. "मिरची व्हती. चाळीस पोते, एक नंबर."

सर्वेअरनं मान वर केली. "म्हणजे विक्रीचा माल घरात साठवला होता?"

"मंग! बापना बापपासून धंदा शे मन्हा."

"आवो, खरं सांगा ना," शीलानं त्याचा दंड धरला.

त्यानं दंड सोडवून घेतला आणि जबाबावर सही केली. पेढीवर करायचा तशीच, खाली दोन रेघा ओढून.

महिन्याभरात पत्र आलं. राहत्या घरात न कळवता व्यापारी माल साठवल्यामुळे दावा नामंजूर. मागोमाग बँकेची नोटीस, मग लिलाव. जागा हेमकांतनं घेतली.

आता ती दोघं भाड्याच्या खोलीत राहतात. शीला पथारीवर जाते, देठ तिथंच टाकून येते. नवऱ्याशी कामापुरतं बोलते.

बन्सीलाल चहाच्या टपरीवर बसतो. "चाळीस पोते जळनात मन्हा," तो सांगतो. कुणी हसायला लागलं, की खिशातून विमा कंपनीचं पत्र काढून समोर उलगडतो. त्यात छापलेलंच आहे: व्यापारी माल.